चढावरचा सतराचा पाढा

साकेत : पाय पूर्ण दाबून राह्यलो आबा, गाडी सरकतच नाही.

मधुसूदन : मग दाबू नको. थांब.

साकेत : थांबलोच आहे. पण हँडब्रेक एवढं वजन धरत नाही, ब्रेकवरून पाय काढता येत नाही मले. काढला की मागचा ट्रेलर आपल्याला खाली ओढेल.

मिताली : बाबा, पडद्यावर कासव का आलंय?

साकेत : चार्जिंग संपत आलं बेटा, म्हणून गाडीनं जोर कमी केला.

मिताली : पण यवतमाळहून निघताना पूर्ण होतं.

साकेत : एकटी गाडी पांढरकवड्याला जाऊन परत येते. आज मागं अख्खी झोपायची खोली जोडली, अन् मी पळवलीही रोजच्यासारखीच.

मधुसूदन : फोन लागतो का?

साकेत : टॉवर नाही. गाडीघोडंही दिसत नाही. अन् शेजारच्या रवीनं परवा वाघीण पाहिली ती याच वळणावर.

मधुसूदन : साकेत.

मिताली : मी ऐकलं आबा. ट्रेलर इथंच सोडून देऊ ना.

साकेत : चढावर सोडला तर घरंगळत जाईल, बेटा.

मधुसूदन : मिताली, इकडे बघ. भीती वाटते ना? मग डोक्याला काम देऊ. ट्रेलरमध्ये जड काय आहे?

मिताली : गाद्या. शेगडी. तुम्ही भरलेलं पाणी.

मधुसूदन : टाकी केवढी?

मिताली : दोनशे लिटरची.

मधुसूदन : अन् एक लिटर पाणी म्हणजे?

मिताली : एक किलो. म्हणजे आपण दोनशे किलो पाणी ओढतोय?

साकेत : आबा, टाकी भरली तुम्ही? आपण जातोय त्या काकाच्या शेतात बोअर आहे, म्हणून रिकामी ठेवली होती मी.

मधुसूदन : सकाळी नळ आला होता. नळ सुरू अन् टाकी रिकामी, हे माझ्यानं बघवत नाही.

साकेत : लोक सहलीला लेकरांना नेतात, आपण नळाचं पाणी फिरवून आणून राह्यलो.

मधुसूदन : टोमणे नंतर मार. पाणी सोडून देऊ. मी उतरतो.

साकेत : तुम्ही नाही.

मधुसूदन : तुझा पाय ब्रेकवर आहे. अन् गळू नये म्हणून तोटीला सुतळी मीच बांधली.

मिताली : ते कोण खोकतंय झाडावर?

साकेत : वानर.

मिताली : वाघ दिसला की ते असंच करतात. तुम्हीच शिकवलं, आबा.

मधुसूदन : कुत्रं दिसलं तरी करतात. तेही शिकवलं होतं. काच बोटभर खाली घे अन् पाढा म्हण. सतराचा. मला ऐकू आला पाहिजे.

मिताली : सतराचाच का?

मधुसूदन : सोपे पाढे म्हणताना मन दुसरीकडे जातं.

(दार उघडून बंद होते. मधुसूदन बाहेर, मागे ट्रेलरजवळ.)

मिताली : सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट.

साकेत : सुटली का सुतळी?

मधुसूदन : ओली होऊन घट्ट बसली. तू थांबू नको गं.

मिताली : सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे बारा.

मधुसूदन : एकशे दोन.

मिताली : एकशे दोन. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे सव्वीस.

साकेत : म्हण पुढं.

मिताली : चुकलं ना माझं? आबा, सतरा आठे एकशे सव्वीस.

साकेत : आबा?

मिताली : बाबा, वानर गप्प झालं.

साकेत : आरशात ट्रेलरशिवाय काहीच दिसत नाही. तू म्हणत राह्य.

मिताली : सतरा आठे एकशे सव्वीस. सतरा आठे...

मधुसूदन : एकशे छत्तीस.

साकेत : बसा आबा, आधी आत बसा.

मधुसूदन : बसतो. तोटी सुटली. पाणी वाहतं, ऐक.

साकेत : वाहू द्या सगळं. दार लावलं? (दहा-बारा मिनिटांनी पाण्याचा आवाज मंदावतो.) दाबतो आता.

मिताली : हललो आपण.

साकेत : हळूहळू. अजून थोडं. हा, आला माथा.

मिताली : बाबा, आकडा एकनं वाढला.

साकेत : उतारावर गाडी स्वतःच थोडी चार्ज होते. ते बघ, पांढरकवड्याचे दिवे. आबा, काय होतं तिथं?

मधुसूदन : समोर बघून चालव.

मिताली : आबा, मी सव्वीस म्हटलं तेव्हा तुम्ही लगेच का नाही सांगितलं?

साकेत : राहू दे, मिताली.

मधुसूदन : विचारू दे तिला. मला तेव्हा सतराचा पाढा आठवत नव्हता गं.