साडेतीन धाकट्या

डॉक्टरांनी बायको गेल्याचं सांगितलं, त्या दिवसापासून शिंप्याने तिचं कपाट उघडलं नव्हतं. आज ते विकायचं ठरवून तो जुन्या फर्निचरच्या दुकानात रांगेत उभा होता. पुढे कपाट घ्यायला आलेलं एक तरुण जोडपं होतं.

“अहो, मुलांच्या खोलीची भिंत मोजलीत ना?”

“मोजली. साडेतीन धाकट्या.”

“म्हणजे?”

“टेप सापडेना. मग धाकटीलाच भिंतीलगत आडवी केली आणि सरकवत नेली.”

“अगं बाई! आणि ती गप्प पडून राहिली?”

“कसली! नुसती खिदळत होती. हसली की पाय पोटाशी घेते.”

“मग साडेतीन सरळ की साडेतीन हसऱ्या?”

“पहिली सरळ. बाकी सगळ्या हसऱ्या.”

“धन्य आहे तुमची! आता कपाट कसं मोजायचं?”

“तिलाच आणून कपाटाशेजारी झोपवू.”

“आणि इथेही हसली तर?”

“तरच माप जुळेल!”

शिंप्याला हसू आवरेना. बाई वळली.

“काका, हसताय काय? टेप असेल तर द्या.”

“टेप खिशातच आहे. पण मला विकायचंय ते कपाट घरी आहे. धाकटीलाच घेऊन या मोजायला.”

“उद्या येऊ?”

“या.”

“रिकामं आहे ना?”

“नाही,” शिंपी म्हणाला. “तेवढं करायचं राहिलंय.”