मंदाकिनीच्या दंडावरची लस

सन्माननीय अध्यक्ष महाराज, ठाण्याहून मुद्दाम आलेले व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण जड मनाने निरोप देत आहोत ते डॉक्टर गुरुदत्त नाडकर्णी, कल्याणातील सभ्य गृहस्थहो, आणि चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माता-भगिनींनो,

कार्यवाहांनी मला बजावले आहे, वकीलसाहेब, थोडक्यात आटपा. आटपतो. पण डॉक्टरांच्या गळ्यात हार घालायचा आणि त्यांनी काय केले ते मात्र गिळून टाकायचे, हा कुठला न्याय? ज्यांना ही गोष्ट कानावर नको असेल त्यांनी खुशाल पान खायला बाहेर जावे.

गेल्या माघात आंबिवलीच्या पलीकडे देवीची साथ आली. डॉक्टरांनी मुंबईहून लस मागवली. तिच्यातली थोडी माझ्या नातीच्या, मंदाकिनीच्या दंडावर टोचली. उरलेली आंबिवलीच्या एका वासराच्या पोटावर लावायची होती. आपणांस ठाऊकच आहे, वासराच्या पोटावर फोड येतात आणि त्यांतली लस घेऊन गावभर मुलांच्या देवी काढतात. काळुराम पाटलाने वासरू आणले, तेही हळदकुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून! लस लावली. सगळे गाव वाट पाहत बसले. फोड काही येईना.

डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा काळुराम म्हणाला, "साहेब, ही आमची चंद्री. दिवाळीला हिच्याच अंगावरची लस दिलीत, पोरं खडखडीत ऱ्हायली. अशी गुणाची सोडून दुसरी कशाला आणू?"

डॉक्टर मटकन खालीच बसले. काळुरामला काय बोलणार? त्याने भक्तीनेच आणली होती. डॉक्टर म्हणाले, "अरे, हिच्या रक्ताने हा रोग एकदा ओळखला. आता ते त्याला आत पाऊल टाकू देत नाही." मी तिथेच होतो. वकिलाचा स्वभाव, मी विचारले, रक्त ओळखते म्हणजे कसे? तर म्हणाले, "वकीलसाहेब, ते मलाही माहीत नाही. विलायतेतले पंडितही अजून शोधताहेत. पण गाय असो, माणूस असो, अंगात पहारा असतो एवढे खरे."

मुंबईची नवी लस यायला अवकाश होता. साथीला मात्र अवकाश नव्हता. ताजी लस उरली होती ती एकाच ठिकाणी, माझ्या नातीच्या दंडावरच्या तीन फोडांत.

डॉक्टर आमच्या ओटीवर आले. बसा म्हटले तर बसेनात. लसीमुळे पोरीला ताप होता, काखेत गाठ आली होती. आमच्या मंडळी आतून कडाडल्या, "आमच्या पोरीच्या अंगातलं कुणाकुणाला वाटणार आहात?" तेवढ्यात सूनबाईंनी, सुमतीने, दाराआडून विचारले, "फोड उघडल्यावर माझ्या मुलीचं रक्षण राहतं का?"

डॉक्टर खोटे बोलले असते तर काम सोपे झाले असते. पण ते म्हणाले, "सगळे उघडले तर राहतं की नाही, मला ठाऊक नाही. दोन उघडतो. तिसऱ्याला हात लावत नाही. तो तिचा."

आंबिवलीची मुले आमच्या पडवीत आली. दोन्ही फोड संपले आणि नेमका काळुरामचाच मुलगा राहिला. डॉक्टरांनी पेटी मिटली. शब्द तो शब्द! काळुरामची बायको मालन पोराला घेऊन पायऱ्या उतरू लागली. आणि आमची सूनबाई, जी माझ्यासमोरही कधी उभी राहिली नव्हती, ती परक्या पुरुषांत बाहेर आली. म्हणाली, "तिसराही उघडा."

"ताई, मग मी खात्री देऊ शकत नाही."

"मी मागितली का?"

मालन म्हणाली, "नको बाय, तुज्या लेकीचं तुला ऱ्हाऊंदे." सुमतीने पोराचा हात धरून पुढे ओढला.

पुढे साथ कल्याणात शिरली. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले मूल गेले. सूनबाई घटकेघटकेला पोरीचे अंग चाचपून पाहायची. आमचे थोरले बंधू माझ्या घरी पाणी पिईनासे झाले, पोरीच्या अंगातले कुणब्याच्या पोराला दिले म्हणून. मी म्हटले, नका पिऊ!

मुंबईची लस आली तेव्हा डॉक्टरांनी मंदाकिनीच्या दुसऱ्या दंडावर टोचून पाहिले. फोड आला तर पहारा नाही, नाही आला तर आहे. वासराच्या पोटावर फोड येत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे आम्हीच, आता तो येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो. नाही आला. शेवटपर्यंत नाही आला! डॉक्टरांनी तो कोरा दंड दाखवला आणि सुमती इतक्या दिवसांची एकदम रडली. मीही रडलो, लपवू कशाला? आंबिवलीची पोरेही सुखरूप राहिली.

डॉक्टर, आपल्याला जे ठाऊक होते तेही आपण आम्हांला सांगितलेत आणि जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक नाही हेही. आपले उपकार कल्याण विसरणार नाही. अध्यक्ष महाराजांचे, पाहुण्यांचे आणि कान देऊन ऐकणाऱ्या आपणां सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचे मन दुखावले असेल तर या म्हाताऱ्याला उदार मनाने क्षमा करावी.

एक राहिले. सूनबाईंना डॉक्टरांचे आभार स्वतःच्या तोंडाने मानायचे आहेत. या सभागृहात आजवर बाईमाणूस बोललेले नाही, हे मला ठाऊक आहे. अध्यक्ष महाराज, आपली आज्ञा मी आधी घेतलेली नाही, घेणारही नाही. कुणीतरी तो चिकाचा पडदा वर करा. सुमती, शेजारी बसलेल्या मालनलाही बरोबर घे. पुढे या.