स्ट्रायकरच्या बदल्या

आमचे मामा हिंगोलीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण घरात अजून त्यांचीच मंजुरी लागते. माझ्या धाकट्या बहिणीला फुटबॉल शिकायला पुण्याला जायचं होतं. तिनं मोबाईलवर त्यांना एका आफ्रिकन स्ट्रायकरचे गोल दाखवले.

"मामा, युरोपातल्या पाच क्लबांकडून खेळला हा."

"पाच? काहून इतक्या बदल्या? साहेबाशी पटत नसंल."

"चांगला खेळतो म्हणून दरवेळी मोठा क्लब नेतो त्याला."

"चांगल्या मान्साची बदली होत न्हाई, पोरी. मी सारी नोकरी एका खुर्चीवर काढली."

"व्हय, अन् कळमनुरीला बदलीची ऑर्डर निघाली तवा ती रद्द होईस्तोवर आजारी पडून राहिलात," बहीण म्हणाली.

मामी आतून म्हणाली, "तू बॅग भर गं. यांची मंजुरी मी देते."