समुद्राकडची खोली

कोविडमधली गोष्ट सांगतो, पण हसू नका. परदेशात डँडेनॉन्गला लॉकडाउनमध्ये मी आणि माझा रूममेट मंदार पार वैतागलो होतो. सीमा उघडल्या की मोरोक्कोत टँजियरला जाऊन समुद्राकाठी स्वस्तात राहायचं, असं आमचं ठरलं. खोलीसाठी विचारलेल्या तिथल्या घरमालकीणबाईंचा मंदारच्या मोबाईलवर फोन आला तेव्हा मंदार मीटिंगमध्ये होता, म्हणून मी उचलला.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, "समुद्राकडची खोली देऊ?"

सवयीने मी म्हणालो, "नको, उगाच तुम्हाला त्रास." आणि लाजून फोनच ठेवला.

मीटिंग संपल्यावर हे ऐकून मंदार ओरडला, "अरे बावळटा, त्या खोलीसाठीच तर चाललोय!"

त्याने घाईघाईने बाईंना फोन लावला. त्या हसत म्हणाल्या, "आमच्याकडेही पाहुणा आधी नाहीच म्हणतो. मी आग्रह करणारच होते, पण तुमचा मित्र थांबतोय कुठे!"