उपासनेच्या वेळी कांदाभजी

आमच्या आईने इकडे परदेशात, कालगुर्लीच्या चर्चमध्ये काय करून ठेवलं, ते ऐका. चर्च अँग्लिकन, एवढंसं. मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपासनेनंतरच्या चहाची पाळी त्या रविवारी माझ्यावर होती. आई नुकतीच नगरहून आलेली. म्हणाली, "बिस्किटं काय देतोस? मी कांदाभजी करते. पण भजी गरमच हवीत. पाळकसाहेबांचा संदेश सुरू झाला, की मी कढई ठेवते."

म्हटलं, "आई, ग्रॅहमसाहेबांचा संदेश लवकर संपत नाही गं." ऐकतेय कुठे!

संदेश बायबलमधल्या योनावर होता. तिकडे माशाने योनाला गिळलं आणि इकडे बाजूच्या किचनमधून भज्यांचा वास आत शिरला. सगळ्यांची नाकं दाराकडे वळली. ग्रॅहमसाहेबांनी एकच वाक्य दोनदा वाचलं, आवंढा गिळला आणि योनाला माशाच्या पोटातून बाहेर न काढताच म्हणाले, "आमेन."

मी किचनमध्ये धावलो आणि आईला सगळं सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "अरे देवा, माझ्यामुळे संदेश अर्धवट राहिला! आता लोकांना तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात बेव्ह आली. चर्चचा सगळा कारभार हिच्या हातात, आणि हसणं बाईला माहीतच नाही. तिने एक भजं तोंडात टाकलं, शांतपणे चावलं आणि मला इंग्लिशमध्ये काहीतरी सांगितलं.

आई घाबरून म्हणाली, "काय म्हणतेय रे? रागावलीय का?"

"नाही गं. म्हणतेय, पुढच्या रविवारी कढई जरा लवकर ठेवा."