मेंढवाड्यातलं मशीन

आमी मूळचे हितले नाय बगा, आमचं मूळ लासूर स्टेशनच्या पलीकडचं, पन आमच्या लोकांचं मूळ म्हंजी काय, जिथं मेंढरं बसली तिथं चूल मांडली, माझा जनम बी कुनाच्या तरी वावरातच झाला, आई सांगायची, ज्वारी काढलेलं रान व्हतं आन् मालकिनीनं गूळ आनून दिल्ता. तवा शेतकरी सोताहून बोलवायला यायचे, चार दिस आमच्या रानात मेंढरं बसवा म्हनायचे, लेंड्यांचं खत व्हतं ना, बदल्यात दानं द्यायचे. लगीन झालं आन् म्या ह्या शहराच्या कडंला आले. वस्तीचं नाव नका लिहू. नवरा म्हनायचा हितं गायरान हाय, पानी हाय, आता हितंच ऱ्हायाचं. ऱ्हायलो. पुढं तो गेला, गायरान बी गेलं.

गायरानावर कचरा कवा यायला लागला ते काय मला नीट सांगता यायचं नाय. पैल्यांदा एक गाडी आली, कोनी काय बोललं नाय, उलट आमची मेंढरं त्यातला भाजीपाला खायची, आमाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मंग गाड्या वाढल्या, ढिगाची टेकडी झाली, आन् टेकडी लई वाढली की दिवस कलताना कोन तरी तिला काडी लावायचं. इचारलं तर म्हनायचे आपोआप पेटतं. आपोआप पेटतं आन् बरूबर कचऱ्यावरचा मुकादम घरी गेल्यावरच पेटतं व्हय? प्लास्टिकचा धूर कसा असतो, काय सांगू तुम्हाला, घशात खाजकुयली घातल्यावानी व्हतं. मेंढरू मेलं आन् फाडलं तर पोटातून पिशव्या निघायच्या. शेतकरी बी आता मेंढरं बसवून घेत नाय, लेंड्यांत प्लास्टिक येतं म्हनतात.

मेंढरांचं जाऊ द्या. माझा ल्योक वाळूजला कंपनीत जातो, सून चार घरची कामं करते, त्यांची पोरगी आरती, ती माझ्याजवळच वाढली. पाच वर्साची असताना तिला पैल्यांदा दम लागला. बरगड्या आत जायच्या, नुसत्या आत जायच्या, आन् डोळं माझ्याकडं. सरकारी दवाखान्यात नेलं, डाक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला, धुरापासून लांब ठेवा म्हनले. म्या इचारलं किती लांब? तवर त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली. त्यांची तरी काय चूक, मागं ही रांग.

तवाच रेश्मा आली. पेपरात लिहिनारी पोरगी, शहागंजाकडची, मला अम्मा म्हनायची. तिनं सांगितलं की धुरावर लिहायला पेपरवाले पगार देत नाय, साहेब म्हनतो जाहिरातीचं बघ, पन दूर कुठली तरी एक संस्था हाय, ती शहरातल्या हवेवर लिहायला एक वर्साचा फंड देते, गरिबाच्याच दाराशी धूर का येतो ते लिहायला. म्या म्हनलं, बया, हे लिहायला बी कोनी पैसं देतं व्हय? हासली ती. लई येळा आली, भाकर खाल्ली, आरतीच्या शाळंत गेली, किती लेकरांकडं पंप हाय ते लिहून घेतलं, कवा कवा धूर येतो ते वस्तीतल्या बायांकडनं टिपून घ्यायची.

आन् एक दिस तिनं ते मशीन आनलं. डब्याएवढं, पांढरंफेक, निळा दिवा लुकलुकनारं. हवेत किती घान हाय ते मोजतं आन् तिच्या फोनात जातं म्हनली. घरात ठेवू नका, भाईर ठेवा, तर म्या मेंढवाड्याच्या मेढीला, म्हंजी खांबाला, बांधलं. आन् जाताना माझा हात धरून म्हनली, अम्मा, लई महाग हाय, फंडाचं हाय, वर्सानं वापस द्यायचं हाय, ये अपने पास अमानत है, संभाळना.

आता आमच्यात अमानत म्हंजी काय ते तुम्हाला ठावं नसंल. कुनाची मेंढी आपल्या कळपात राखायला आली तर आपलं कोकरू भिजलं तरी चालंल, तिचं भिजू द्यायचं नाय. वावधान आलं, गारा आल्या, की पैली घोंगडी परक्याच्या कोकरावर. माझ्या सासऱ्यानं मला हेच शिकवलं आन् म्या आरतीला शिकवलं. तर धूर यायला लागला की म्या काय करायची? धावत जायची आन् मशीनवर घोंगडी टाकायची. दोन पदर करून, वरून सुतळी. धूर गेला की काढायची, पदरानं पुसून घ्यायची. एक दिस चुकवला नाय. आरतीला दम लागलेला असायचा तरी ती सांगायची, आजी, पैले मशीन.

वर्स सरत आलं. रेश्मानं समदं लिहिलं, मशीनचे आकडे शेवटाला एकदम बघायचे ठेवले व्हते, आन् छापायच्या आधी कचऱ्याच्या हापिसात साहेबाला इचारायला गेली, त्याची बी बाजू घ्यावी लागते म्हनं. साहेबानं मशीनचे आकडे मागून घेतले, बघितले, आन् म्हनला, ह्या बाया ज्या दिवशी धूर व्हता म्हनतात त्याच दिवशी तुमच्या मशीनची हवा समद्यात चोख हाय. फंडवाल्यांनी बी तेच धरलं. पोरगी धावत माझ्याकडं आली. अम्मा, धुराच्या दिवशी कोनी मशीन बंद करायचं का?

म्या कशी बोलले ते आजबी आठवतं. मान ताठ करून बोलले. बंद? बंद कशाला करीन? सोताच्या हातानं घोंगडीत गुंडाळलं बाई, एक कन धूर लागू दिला नाय त्याला.

ती खालीच बसली. हळूच म्हनली, उसकू धुआँ खानेकेवास्तेच रखे थे ना, अम्मा.

रागावली नाय. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हनली चूक माझीच हाय, म्या सांगायला पायजे व्हतं. तिनं फंडवाल्यांना खरं खरं लिहून कळवलं, घोंगडीचा फोटू बी पाठवला, आनखी सहा म्हैने मागितले. म्या तिच्यासंगं साहेबाकडं गेले, हात जोडून सांगितलं की साहेब, अडानीपना माझा हाय, धूर खरा हाय. तो म्हनला, आजी, तुमी उद्या चुलीवर बी धराल मशीन. फंडवाल्यांचं उत्तर आलं की आता ह्या आकड्यांचा भरवसा धरता येत नाय, मशीन पाठवून द्या. पुढचा फंड दुसऱ्या शहराला गेला. पेपरात एक ओळ आली नाय. रेश्मा आता कुठल्याशा क्लासच्या जाहिराती लिहिते, ईदला मला शीरखुर्मा धाडते, पन सोता येत नाय. म्या तिला काय दोष देऊ, तिला पोट हाय.

धूर काय थांबला नाय. आता तर हापिसवाले म्हनतात, मशीन लावून बघितलंय, हितली हवा चांगली हाय. माझ्याच घोंगडीचा दाखला देतात बगा. वस्तीतल्या बाया मला तोंडावर काय बोलत नाय, पन नळावर म्या गेले की हंडे उचलून चालू लागतात.

आरती तर दोनदा लई बेजार झाली, दुसऱ्या येळेला व्हट निळे पडले, तवा सुनंनं तिला उचललं आन् कन्नडला तिच्या आजोळी नेऊन ठेवलं. तिथं ती पळते म्हनं, झाडावर चढते. पंप बॅगंतच पडून असतो. म्या जाऊ शकत नाय, उरलीसुरली मेंढरं कोन बगनार, आन् तेवढीच माझी भाकर हाय. ती फोन करते. दर येळेला इचारते, आजी, सुट्टीत येऊ का? आन् म्या, जिनं तिला छातीला धरून वाढवलं ती म्या, नको म्हनते. दोनदा इचारलं, तिनदा इचारलं, नकोच. मागच्या येळेला तिनं हळूच आईला इचारलं, म्या मशीन नीट झाकलं नाय म्हनून आजी रुसली का?

काय सांगायचं त्या लेकराला? जिथं हाय तिथं देवा तिला ठेव. मला इसरली तरी चालंल.