जुन्या पत्त्यावर एक प्रत

ताई : भांडायला नाही आले, काकू. एवढंच सांगा, माझा नवा पत्ता इथून कुणाला दिलात?

काकू : कुणालाच नाही हो. अंधशाळेच्या देणगीदारांचे पत्ते मी एकटी बघते. घर बदललं म्हणून तुमचा फोन आला, मी लगेच तशी नोंद केली. बाकी कुणाला ताकास तूर लागू देत नाही मी.

ताई : मग हे बघा. पोलिसांनी या पत्राची प्रत दिलीय. नवऱ्याच्या खिशात सापडलं.

काकू : तुमच्याच नवऱ्याच्या? म्हणजे?

ताई : नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलं मी. आईला घेऊन वेगळी राहत होते. ऑफिसात, बँकेत, सगळीकडे बजावून ठेवलं होतं. इथं सांगायचं सुचलंच नाही. अंधशाळेकडून कसली भीती?

काकू : ‘आपल्या सूचनेनुसार पत्ता बदलला आहे. नवा पत्ता पुढीलप्रमाणे...’ आमचंच आहे हे.

ताई : जुन्या घरी पाठवलंत.

काकू : नियमच आहे तसा. मागे कुणीतरी खोटा फोन करून भलत्याचाच पत्ता बदलला होता. तेव्हापासून दोन्हीकडे पत्र जातं. मशीन छापतं, मी पाकिटात घालते.

ताई : मी कामावर होते. आईनं दार उघडलं, पण साखळी लावूनच. त्यानं बाहेरून सांगितलं, शाळेकडून आलोय, सही हवीय. तुमचं पाकीट दाखवलं. शेजारणीनं ऐकलं सगळं. आवाज घोगरा काढला होता म्हणे, आईची नजरही अधू. बाबांच्या नावानं आम्ही शाळेला देणगी देतो, म्हणून तिनं साखळी काढली.

काकू : कशा आहेत आई?

ताई : जिन्यावरून ढकललं तिला. शुद्धीवर आलीच नाही.

काकू : ...बसा ना जरा. पाणी आणते.

ताई : नको. तो जामिनावर सुटलाय. मी परत जागा बदललीय. माझं नाव तेवढं काढून टाका.

काकू : तुमच्यादेखतच काढते. काय बोलू मी, ताई? माझ्याच हातानं चिकटवलं असेल ते पाकीट.

ताई : आजची पत्रं गेली?

काकू : नाही, ही काय इथं पडलीत. दुपारी जातील.

ताई : उघडा.

काकू : साहेबांना विचारल्याशिवाय... बरं, ती कात्री द्या इकडे. हे आजोबा मुलाकडे राहायला गेले. हे दोघं, दोघांचाही बदललाय. ही... देणगी नवराबायकोच्या नावानं आहे. पत्ता बदललाय तो तिच्या एकटीचा.

ताई : नोकरीसाठी गेली असेल.

काकू : असेल. फोनवर फार हळू बोलत होती. मीच म्हटलं, बाई, जरा मोठ्यानं बोला.

ताई : असू दे. हे पाकीट तरी थांबलं.

काकू : नाही ताई. ही नव्या घरांची आहेत. जुन्या पत्त्यांची आधी निघतात. ती कालच गेली.

ताई : फोन लावा तिला.

(रिंग वाजत राहते.)

काकू : उचलत नाहीये.

ताई : परत लावा. मी थांबते.